आवाजासकट

आमच्या सेक्शनमधला काळा टेलिफोन वाजला की तो वत्सलाताई उचलत. "कारखानीस बोल रही हूँ," असं त्या सांगत आणि पलीकडून हमखास "नमस्कार सर" असं येई. मग त्या म्हणत, "सर नहीं हूँ. फिर से शुरू कीजिए." पलीकडचा माणूस गडबडून "सॉरी मॅडम, वो फाइल" म्हणत पुढे सरकायला बघे. पण ताई त्याला सरकू देत नसत. "फाइल बाद में. नमस्कार से शुरू कीजिए." आणि त्याला खरोखरच नमस्कारापासून सगळं पुन्हा म्हणावं लागे. एकदा एका जॉइंट सेक्रेटरींनी चिडून फोन आपटला. ताईंनी त्यांचा नंबर लावला आणि शांतपणे सांगितलं, "सर, आपकी बात नमस्कार पर रुकी थी."

ऑफिसात हा किस्सा गंमत म्हणून सांगितला जायचा. मी तो गंमत म्हणून सांगत नाही. ताई चिडत असत, आणि रोज चिडत असत. ज्या गोष्टीवर त्या चिडत ती रोज घडत होती, म्हणून चिडणंही रोजचं होतं. आपल्याकडे रोजचा अपमान चालतो, रोजचं चिडणं मात्र स्वभावदोष ठरतं. त्या गेल्यानंतर त्यांच्याबद्दल जे काही बोललं गेलं त्यात "तापट होत्या, पण मनाने गोड" हे वाक्य इतक्यांनी म्हटलं की हा लेख लिहायला बसण्याचं तेच कारण झालं.

मी मूळची जिंतूरची. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, आई घरी बिड्या वळायची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं. मी बी.ए. झाले, केंद्र सरकारची परीक्षा पास झाले आणि दिल्लीत, मंत्रालयाच्या त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये हातात नेमणुकीचा कागद घेऊन उभी राहिले, तेव्हा मला हिंदी समजत होतं पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. आमच्या शाळेत चांगली मुलगी म्हणजे जिचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत जात नाही ती. मी फार चांगली मुलगी होते. सेक्शनचे मेहतासाहेब मला काही विचारत, मी उत्तर देई, आणि ते कानामागे हात धरून म्हणत, "बेटा, आवाज़ नहीं आ रही."

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पलीकडच्या टेबलावरून मराठीत प्रश्न आला, "काय गं शोभा, तुझ्या घशात कोण बसलंय?"

मी दचकले ते मराठी ऐकून नव्हे. त्या आवाजाने दचकले. जिनिंगच्या शेडमध्ये सकाळी मोठा पट्टा सुरू होतो तेव्हा आधी आवाज ऐकू येत नाही, तो जमिनीतून पायांत चढतो. मग कानात येतो. ताईंचा आवाज तसा होता. खालचा, रुंद, आणि कडेला जरासा चिरलेला. तो बाईचा आहे की पुरुषाचा, हा प्रश्न मला पडलाच नाही. मला तो घरचा वाटला. मी मान खाली घालून पुटपुटले की सवय नाही बोलायची. त्यावर त्या म्हणाल्या, "मग सवय कर. पोटातून बोल. चोरी केल्यासारखी काय बोलतेस? परीक्षा पास होऊन आलीयस ना?"

पुढचे कित्येक महिने त्या माझ्याकडून फोन उचलवून घेत होत्या. समोर उभ्या राहत आणि पोटावर हात ठेवून खुणा करत. मी आज चार माणसांत उभी राहून बोलू शकते, माझ्या मुलीच्या शाळेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कोर्टातसुद्धा एकदा बोलले, ती या बाईची देणगी आहे. कॉलेजने मला डिग्री दिली. तोंड त्यांनी दिलं.

थंडीच्या दिवसांत दुपारी अख्खं ऑफिस बाहेर हिरवळीवर येऊन बसे. बायकांच्या हातात लोकरीचं विणकाम, पुरुषांच्या हातात पत्ते, मधे शेंगदाण्यांच्या टरफलांचे ढीग. ताई उन्हाकडे पाठ करून बसत आणि संत्र्याची फोड अन् फोड सोलून खात. मेहतासाहेब त्यांना "कारखानीस साहब" म्हणत. त्यांच्याशी ताईंचं एक वेगळं खातं होतं. मेहतासाहेब म्हणायचे, "साहब, इस आवाज़ में तो आप पूरी थानेदार लगती हैं." ताई संत्र्याची बी बाजूला ठेवत म्हणायच्या, "और आप अपनी में पूरे मुजरिम." सगळ्यांत मोठ्याने मेहतासाहेबच हसायचे. मी एकदा विचारलं, त्यांच्यावर का चिडत नाही? ताई म्हणाल्या, "तो तोंडावर म्हणतो. आणि माझा आवाज ऐकून म्हणतो. बाकीचे माझा आवाज न ऐकता मला सल्ला देतात."

सल्ला एकच असे. जरा गोड बोला. एक नवे अधिकारी आले होते, त्यांनी हे सल्ला म्हणून नाही तर सूचना म्हणून सांगितलं. मॅडम, फोनवर थोडं मीठा बोलत जा. ताईंनी उत्तर दिलं, "मीठे के लिए कैंटीन में बर्फी है, सर." मग टेबलाशी येऊन मला मराठीत म्हणाल्या, "गोड आवाज, गोड आवाज. मी काय जिलबी आहे?"

रामकृष्णपुरममध्ये त्यांचं सरकारी क्वार्टर होतं. वडील फाळणीनंतरच्या भरतीत दिल्लीला कारकून म्हणून आले आणि इथेच राहिले. ते गेल्यावर ताई एकट्याच होत्या. लग्न केलं नाही. त्याचं कारण लोक आवाजाशी जोडत. ताई म्हणत, "आवाजाला कुणी नाही म्हटलं नव्हतं, मीच माणसांना नाही म्हटलं." घरात एक खाट, एक गॅस, पुस्तकांची फळी, एक पेटी आणि गवसणीतला तंबोरा. लहानपणापासून त्या ग्वाल्हेरकडच्या एका बुवांकडे शिकल्या होत्या. बुवांनी कधी आवाजाबद्दल तक्रार केली नाही. तक्रारी जगाने केल्या.

रविवारी मी हॉस्टेलवरून त्यांच्याकडे जेवायला जायची. एकदा मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. बाहेरच्या खोलीतून त्यांनी ओरडून विचारलं, "काय वाजतंय सांग."

"पेटी."

"आता?"

"तंबोरा."

"आता?"

"आता तुम्ही."

"तिन्ही वेळा सा तोच होता. तसूभर वर नाही, खाली नाही. मग तू न बघता ओळखलंस कसं?"

मी चहा घेऊन बाहेर आले. ताई तंबोऱ्यावर वाकून घोडीवरचा दोरा सरकवत होत्या. तारेखाली साध्या सुताचा एक तुकडा असतो, तो नेमक्या जागी बसला की तार नुसती वाजत नाही, गुणगुणू लागते. तिला जवारी लागली म्हणतात. ताईंनी दोरा काढून तार छेडली. स्वच्छ, कोरडा ठोका आला. दोरा परत सरकवला, आणि तोच सूर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा खोलीभर पसरला.

"सूर सगळ्यांचा असतो," त्या म्हणाल्या. "सूर सोडून जे उरतं ते आपलं. शास्त्रात त्याला काही नाव असेल. मी त्याला पोत म्हणते. साडीसारखा. आणि मला आयुष्यभर सगळे सांगत आलेत, बाई, तुमचं सगळं चांगलं आहे, तेवढा पोत बदला."

त्याच दिवशी त्यांनी निवडचाचणीची गोष्ट सांगितली. तरुणपणी त्या एका ठिकाणी गायिकांच्या निवडीला गेल्या होत्या. परीक्षक दुसऱ्या खोलीत बसत, गाणारा दिसत नसे. ताईंनी रियाज करून करून पक्का केलेला राग सुरू केला. आलाप पुरता रंगलाही नाही तोच भिंतीवरच्या स्पीकरमधून कुणीतरी म्हणालं, "भाई साहब, अभी लेडीज़ की बारी है." मग हसण्याचा आवाज आला आणि स्पीकर बंद झाला. बाहेरच्या माणसाने चूक लक्षात आल्यावर माफी मागितली, पण वेळ संपली होती, पुढची मुलगी आत गेली होती.

"मी बाहेर आले नुसती," ताई म्हणाल्या. "फिर से शुरू कीजिए असं म्हणायला हवं होतं, हे मला बसमध्ये बसल्यावर सुचलं. तेव्हापासून म्हणतेय."

त्यांच्याकडे आसपासच्या मराठी घरांतल्या मुली गाणं शिकायला येत. फार टिकत नसत. त्या काळात प्रत्येक मुलगी एकाच आवाजात गायची, बारीक, उंच, नाकाशी आलेल्या. दहा घरांतल्या दहा मुली, दिसायला वेगळ्या, बोलायला वेगळ्या, आणि गाताना सगळ्यांचा गळा एक. ताई पहिल्या दिवशी ऐकून घेत आणि म्हणत, "हा आवाज कुणाचा घातलायस? मोठ्या बहिणीच्या फ्रॉकसारखा दिसतोय. काढ तो." मुलगी रडत घरी जाई. आई विचारायला येई की आमच्या मुलीचा आवाज गोड आहे म्हणून सगळे म्हणतात, तुम्ही काय बोललात? ताई सांगत, "तिचा आवाज मी अजून ऐकलेलाच नाही. ती घेऊन आली की ऐकेन."

आता त्या गोष्टीकडे येते, जिचा मला आजही झोपताना राग येतो.

दिल्लीतल्या मराठी लग्नांत मोठी अडचण मंगलाष्टकांची असे. इथले पंडित बाकी सगळं करत, पण वधूवरांमध्ये अंतरपाट धरून जी मंगलाष्टकं म्हणायची, ती आपली आपल्यालाच म्हणावी लागत. नवी मंगलाष्टकं रचण्यात ताईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. वधूचं गाव, वराचं घराणं, सगळं वृत्तात चपखल बसे. त्यामुळे लग्न ठरलं की लोक पेढे घेऊन त्यांच्याकडे येत आणि मंगलाष्टकं रचून मागत. ताई रचून देत. आणि ती म्हणायला दुसरंच कुणी उभं राहत असे. कुणाची भाची, कुणाची सून, गोड गळ्याची. ताईंना पुढच्या रांगेत खुर्ची मिळे, हातात अक्षता मिळत. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. त्यांनी स्वतः म्हणावं, असं एकालाही वाटलं नाही. किंवा वाटलं असेल, म्हटलं कुणीच नाही.

माझं लग्न अरविंदशी ठरलं. तोही सरकारी नोकरीत, त्याच्या घरचे दोन पिढ्या दिल्लीत. मी ताईंकडे गेले. त्यांना वाटलं मला शब्द हवेत. म्हणाल्या, "तुझं नाव शोभा आहे ते बरं. अशी नावं रचणाऱ्याच्या सोयीची असतात." मी म्हटलं, ताई, रचायची तुम्ही आणि म्हणायचीही तुम्हीच.

त्या एकदम कडक आवाजात म्हणाल्या, "माझी दया येतेय का तुला?"

"नाही. मी या गावात बोलायला शिकले ती तुमच्या आवाजात. माझं लग्न त्याच आवाजात लागायला पाहिजे."

ताई उठून आत गेल्या. बराच वेळ भांड्यांचा खडखडाट ऐकू आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की हॉलवरचा माइक कसा आहे.

सासरी कुरबुर झालीच. मोठे दीर, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, स्वभावाने वाईट नाहीत. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. शोभा, मंगलाष्टकं म्हणजे नाजूक काम. लोक म्हणतील, मुलीकडून पुरुष उभा केलाय. मी म्हटलं, म्हणू देत. अरविंदने त्याच्या पद्धतीने विषय संपवला: "दादा, ठरलंय ते."

लग्नाच्या दिवशी ताई मोरपंखी रंगाची इरकल नेसून आल्या. अंतरपाट धरला गेला. त्यांनी पहिली ओळ उचलली,

आली दूर दिशेतुनी उमलुनी शोभा घराला नवी

आणि माइकवाला धावत आला. त्याला वाटलं यंत्र बिघडलं. तो बटणं फिरवू लागला, आवाज पातळ करायला. ताईंनी न थांबता एका हाताने माइक बाजूला ढकलला आणि मोकळ्याने गायल्या. त्या हॉलमध्ये असं काही कुणी ऐकलं नव्हतं. मंगलाष्टकं नेहमी कानावरून जातात, लोक आपापसांत बोलत असतात, अक्षता लवकर फेकून मोकळे होतात. त्या दिवशी बोलणं थांबलं. स्वयंपाकघरातले पंजाबी आचारी पुऱ्यांचे झारे हातात घेऊन दारात येऊन उभे राहिले. अंतरपाटाच्या पलीकडचा अरविंद मला दिसत नव्हता, पण त्या आवाजाने कापड हलतंय असं मला वाटलं. शेवटी "शुभमंगल सावधान" झालं, आणि क्षणभर एकाही हातातून अक्षत सुटली नाही. मग सगळ्या एकदम पडल्या.

माझे वडील त्या हॉलमध्ये आल्यापासून अंग चोरून बसले होते. पाया पडले तेव्हा त्यांनी विचारलं, "कोण बाई हाय गं ती? आपल्याकडली वाटती." मी सांगितलं की नाही, दिल्लीच्याच आहेत. त्यांना ते पटलं नाही.

तेव्हा लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटचं नवं वेड होतं. आमचंही शूटिंग झालं होतं. दुसऱ्या दिवसापासून ताई मला विचारू लागल्या, कॅसेट आली का. इतक्यांदा विचारलं की मला नवल वाटलं. मग त्यांनी कारण सांगितलं. त्यांनी स्वतःचा आवाज कधी ऐकला नव्हता. गाताना आपल्याला जो ऐकू येतो तो डोक्याच्या आतून येतो, तो खरा नव्हे. बाहेरून तो कसा आहे, ज्यावर जगाने इतकी वर्षं बोटं दाखवली तो नेमका आहे तरी कसा, हे त्यांना एकदा ऐकायचं होतं. आमच्या सेक्शनमध्ये कुणाकडे टेपरेकॉर्डर नव्हता असं नाही. पण मशीनसमोर मुद्दाम बसून गाणं त्यांना चाचणीसारखं वाटे. इथे त्या कुणासाठी तरी गायल्या होत्या. "त्यातला आवाज ऐकेन," त्या म्हणाल्या.

कॅसेट आली त्या रविवारी त्या आमच्या घरी आल्या. तीच इरकल नेसून. दादा-वहिनीही आले होते. टीव्हीवर आधी फुलांच्या चौकटीत आमची नावं फिरली. मग वरात, मग पाहुणे. अंतरपाट धरला गेला. ताई खुर्चीच्या कडेला सरकून बसल्या. पडद्यावर त्या उभ्या राहिल्या, श्वास घेतला, तोंड उघडलं.

आणि त्यांच्या तोंडातून बासरी वाजू लागली.

बासरी, मागे संतूर, मधूनच झुळझुळणारं पाणी. पडद्यावरच्या ताईंच्या मानेच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या, ओठ शब्दांवर आपटत होते, माइकवाला धावत आलेला दिसला, त्यांनी माइक ढकललेला दिसला, आणि सगळ्यावरून ते गुळगुळीत संगीत ओघळत होतं. मी बंद करायला उठले. ताईंनी हाताने मला बसवलं. पूर्ण पाहिलं त्यांनी. अक्षता पडेपर्यंत.

मग म्हणाल्या, "ही बासरीसुद्धा बासरी नाही. फुंकर कुठे आहे तिच्यात?"

दादा सावरून बसले. त्यांनीच व्हिडिओवाल्याला सांगितलं होतं. ते काही लपवत नव्हते. त्यांना ती आपली हौस वाटत होती. म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. गायलात तुम्ही छानच. पण कॅसेट कायम राहणारी गोष्ट. चार लोकांना दाखवणार. म्हटलं जरा गोड असावी."

"कायम राहणार म्हणूनच आले होते," ताई म्हणाल्या.

त्या चहा न घेता गेल्या. मी बसस्टॉपपर्यंत त्यांच्याबरोबर चालले. फोनवर जॉइंट सेक्रेटरीला न सोडणारी ती बाई वाटेत एक अक्षर बोलली नाही, आणि ते मला जास्त भयंकर वाटलं. बस आली तेव्हा एवढंच म्हणाल्या, "त्या स्पीकरवाल्यांनी मला निदान खोलीबाहेर काढलं होतं. यांनी आत ठेवून काढलं."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून थेट व्हिडिओवाल्याच्या दुकानात गेले. मूळ टेप मागितली. तो म्हणाला की कॅमेऱ्याच्या टेपवर पुढचं लग्न शूट झालं, टेप काय फेकायच्या असतात? मी आरडाओरडा केला. पोटातून केला. दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर गेली. तो बिचारा खरोखर गोंधळला होता. "मैडम, गाने वाली की आवाज़ भारी थी, मैंने तो अच्छा म्यूज़िक डाला है, एक्स्ट्रा पैसे भी नहीं लिए." त्याच्या मते त्याने उपकार केला होता. दादांच्या मतेही. मला आजवर ज्या ज्या गोष्टींचा राग आलाय त्यांतल्या बहुतेक कुणी ना कुणी चांगल्या हेतूने केलेल्या होत्या.

घरी मी दादांशी भांडले. सासूबाई म्हणाल्या, नवी नवरी आहेस, एवढ्याशा गोष्टीवरून? मी म्हटलं, एका माणसाचा आवाज पुसलाय आपण, ही एवढीशी गोष्ट नाही. पुढे कित्येक दिवस घरात सगळे माझ्याशी जेमतेम बोलत होते. अरविंदने ती कॅसेट कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकली. मी ती पुन्हा लावली नाही.

ताई ऑफिसात आल्या, काम करू लागल्या, टेलिफोनवर लोकांना नमस्कारापासून सुरू करायला लावू लागल्या. या विषयावर बोलल्या नाहीत. फरक एकच पडला. त्यानंतर कुणी पेढे घेऊन मंगलाष्टकं मागायला आलं की त्या सांगत, "देते. पण शब्द हवे असतील तर आवाजासकट घ्या." लोक चाचरत. कुणी म्हणत, विचारून सांगतो, आणि फिरकत नसत. पुढे मंगलाष्टकांच्या तयार कॅसेट मिळू लागल्या, मग सीडी, आणि प्रश्नच मिटला. पण काही मुली आल्या. कॅन्टोन्मेंटमधल्या एका हवालदाराची मुलगी आली, आमच्याच ऑफिसातली एक आली. म्हणाल्या, आवाजासकट. त्या लग्नांत ताई गायल्या. प्रत्येक वेळी माइक बाजूला ठेवून, आणि आधी कॅमेरेवाल्याला हात धरून हॉलच्या दारापाशी नेऊन बसवून. ध्वनिमुद्रण त्यांनी पुन्हा कधी होऊ दिलं नाही. मी मोबाइल घेतला तेव्हा एकदा विचारलं. म्हणाल्या, "नको. ज्यांनी ऐकलाय त्यांच्या कानात राहू दे. तिथे कुणाला बासरी घालता येत नाही."

निवृत्तीनंतर त्या दिल्लीतल्याच द्वारकेत पुतण्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. मीही त्याच बाजूला आले होते, त्यामुळे भेटी होत. शेवटच्या वर्षी श्वास पुरत नव्हता, पण आवाज तसाच होता, पायांतून चढणारा. इस्पितळातल्या नर्सने फोनवर त्यांना "अंकल" म्हटल्याचं मला पुतण्याने सांगितलं. ताईंनी तिलाही पहिल्यापासून सुरू करायला लावलं होतं.

त्या गेल्या. इथल्या मराठी मंडळाने शोकसभा ठेवली. कार्यवाहांनी मला विचारलं होतं, ताईंचा एखादा व्हिडिओ असेल तर द्या. मी नाही म्हणून सांगितलं, आणि का नाही तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हळहळले, आणि दादांकडून त्यांची प्रत आणली. दादांनी ती कधीच संगणकावर उतरवून ठेवली होती. पुन्हा चांगल्या हेतूने.

भाषणं झाली. आवाज थोडा वेगळा होता, पण मनाने गोड. बोलणं फटकळ, पण मनाने गोड. मी मुठी आवळून बसले होते. मग दिवे मंद झाले, पडदा खाली आला, आणि माझ्या लग्नातल्या ताई उभ्या राहिल्या. मोरपंखी इरकल. श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि बासरी.

मी उठले. कार्यवाह मधे आले, शोभाताई, बसा ना, प्लीज म्हणाले. पुढच्या रांगेतून दादा म्हणाले, "शोभा, आज तरी नको." मी स्पीकरची वायर सॉकेटमधून उपटली. बासरी तुटली. पडद्यावर त्या मुक्या गात राहिल्या, शिरा ताणून, ओठ आपटत, एकट्या. मी एवढंच म्हणाले, "हा त्यांचा आवाज नाही. त्यापेक्षा मुकं बघा."

लोक अस्वस्थ झाले. कुणीतरी दिवे लावा म्हणालं. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बारीक, थरथरता आवाज आला. मेहतासाहेब होते. नव्वदीला टेकलेले, शालीत गुंडाळलेले, नातवाच्या आधाराने आलेले. काठीवर भार देऊन ते उभे राहिले होते.

"फिर से शुरू कीजिए," ते म्हणाले.

लॅपटॉपवर बसलेल्या मुलाने माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पहिल्यापासून लावलं. आवाजाशिवाय. या वेळी कुणी हललं नाही. ओठ दिसत होते आणि शब्द माझ्या ओळखीचे होते. आली दूर दिशेतुनी. माइकवाला धावला, त्यांनी माइक ढकलला. जुन्या ऑफिसातल्या दोघीतिघी ओठ हलवत होत्या. शेवटी पडद्यावर ताईंनी मान वर केली, तेव्हा मी ते मोठ्याने म्हटलं, पोटातून, शुभमंगल सावधान.

माझा आवाज साठीनंतर जाड झालाय, जरा फुटतोही. तो त्यांच्यासारखा नव्हता, आणि मी तो तसा करायला गेले नाही. उसना आवाज आणला असता तर त्यांनी मला तिथूनच परत पाठवलं असतं.